पाषाण आणि त्याचे आसन

टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही, ही म्हण मराठी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती मुळात दगडाविषयी आहे, याचा आपल्याला जवळजवळ विसर पडला आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात, दहावीच्या गुणवंतांच्या सत्कारात, व्यायामशाळेच्या भिंतीवर ती हमखास भेटते. मुलावर हात उगारणारा बाप आणि छडी उगारणारा गुरुजी दोघेही तिचाच आधार घेतात. आपल्या कलाविचारावरही तिचीच सत्ता आहे. कलाकृती म्हणजे घडविलेली वस्तू आणि कलावंत म्हणजे घडविणारा, अशी आपली साधी समजूत असते. जितके घाव अधिक, तितकी कला मोठी, असा हिशेब आपण नकळत मांडत असतो.

अशा वेळी एक प्रश्न उपस्थित करणे अगत्याचे आहे. ज्या वस्तूला माणसाच्या हत्याराचा स्पर्शही झालेला नाही, ती कलाकृती ठरू शकते काय? जपानमधील 'सुइसेकी' ही पाषाणदर्शनाची परंपरा या प्रश्नाला ठाम होकार देते. तो होकार कितपत टिकतो, हे मराठी मातीत पारखून पाहावयाचे झाले, तर हिंगोली जिल्ह्याकडे वळावे लागेल. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा लहानसा जिल्हा काळ्या पाषाणावर वसला आहे. नामदेवांची नरसी येथेच आहे आणि औंढा नागनाथाचे देऊळही येथेच आहे. दगड, टाकी आणि देवपण या तिन्ही गोष्टींचा झगडा या भूमीने फार पूर्वीच अनुभवला आहे.

प्रथम सुइसेकी म्हणजे काय ते पाहू. 'सुइ' म्हणजे पाणी आणि 'सेकी' म्हणजे दगड. नदीच्या पात्रात, डोंगरउतारावर वा समुद्रकाठी सापडलेला, सहसा दोन हातांत उचलता येईल एवढा दगड निवडावयाचा, त्याला योग्य आसन द्यावयाचे आणि त्याच्याकडे शांतपणे पाहावयाचे, एवढाच या कलेचा व्याप. दगडात दूरचा डोंगर दिसतो, धबधबा दिसतो, समुद्रातले एकाकी बेट वा गवताने शाकारलेली झोपडी दिसते, आणि या प्रत्येक प्रकाराला जपानी भाषेत स्वतंत्र नाव आहे. या परंपरेचे मूळ चीनमध्ये आहे. सुंग काळातील चित्रकार आणि लिपिकार मी फू (१०५१–११०७) याने एका विलक्षण दगडापुढे अधिकाऱ्याच्या पूर्ण पोशाखात नमस्कार केला आणि त्याला 'थोरले बंधू' म्हणून हाक मारली, अशी कथा चिनी परंपरा कौतुकाने सांगते. चिनी रसिकांना भोके पडलेले, सुरकुतलेले, कृश आणि उभट दगड प्रिय होते. जपानने हा वारसा घेतला, पण आपल्या स्वभावानुसार तो शांत केला. त्याला आडवा, गडद रंगाचा, मितभाषी दगड आवडू लागला.

नागोया येथील तोकुगावा कलासंग्रहालयात 'स्वप्नातला तरंगता पूल' या नावाचा एक दगड आहे. चौदाव्या शतकातील सम्राट गो-दाइगो राजधानी सोडून जाताना तो आपल्या वस्त्रात जपून घेऊन गेला, अशी आख्यायिका आहे. त्याचे नाव 'गेंजी मोनोगातारी' या महान कादंबरीच्या शेवटच्या प्रकरणावरून पडले. राज्य गमावणारा सम्राट बरोबर काय नेतो, तर एक ठेंगणा, लांबट दगड! कथेचा ऐतिहासिक भाग किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी ती सांगणाऱ्या समाजाची मूल्यदृष्टी तीत स्पष्ट दिसते.

आता निवडीचे शास्त्र पाहू, कारण या कलेत निवड हीच निर्मिती आहे. दगड कठीण असावा. मऊ दगड पाण्याने झिजून आकारहीन होतो, तर कठीण दगड झिजतानाही आपला स्वभाव सांभाळतो. रंग खोल असावा, झगझगीत नसावा. नुकत्याच फुटलेल्या दगडाची धार बोचरी असते, म्हणून तो त्याज्य मानतात. पाणी, वाळू आणि ऊन यांनी ज्याच्या कडा निवविल्या आहेत, तोच घ्यावा. दगड चारही बाजूंनी फिरवून त्याचे 'तोंड' कोणते ते ठरवावे लागते. तो ओला असताना सुंदर दिसतो म्हणून फसू नये. ओला दगड कोणताही सुंदरच दिसतो, वाळल्यावर जो टिकतो तो खरा. वाळूत थोडा रुतवून पाहिला की त्याची जलरेषा सापडते, म्हणजे कोठून खाली तो जमिनीचा आहे आणि कोठून वर तो आकाशाचा आहे, हे कळते.

हे निकष घेऊन उन्हाळ्याच्या अखेरीस कयाधूच्या पात्रात उतरणाऱ्याची निराशा होण्याचे कारण नाही. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्या लाव्हारसाने दख्खनचे पठार घडविले, त्याचाच काळा पाषाण या जिल्ह्याच्या पोटाशी आहे. लाव्हा निवताना त्यात अडकलेल्या वायूंच्या बुडबुड्यांच्या पोकळ्या झाल्या आणि पुढे खनिजयुक्त पाण्याने त्या भरल्या. दख्खनच्या नद्यांत काळ्या गोट्यांमध्येच पांढऱ्या गारगोट्या आणि पट्टेदार अकीक सापडतात, त्याचे कारण हे. काही गोट्यांतील भरण निघून गेलेले असते आणि नुसत्या खळ्या उरतात. देवीचे व्रण अंगावर असलेल्या वृद्ध चेहऱ्याप्रमाणे ते दिसतात. कयाधू पुढे पैनगंगेला मिळते आणि दक्षिणेकडून वाहणारी पूर्णा गोदावरीला. दोन्ही नद्या पावसाळ्यात जे काम करतात, ते कोणत्याही शिल्पशाळेत होत नाही.

निवडीनंतर आसन. जपानी रसिक दगडाच्या तळाच्या चढउतारांशी तंतोतंत जुळणारी लाकडी बैठक कोरवून घेतो. दगडाचा भार जेथे पडतो, तेथेच तिचे पाय असतात. दुसरी रीत म्हणजे उथळ तबकात बारीक वाळू पसरून दगड मध्यापासून थोडा बाजूला ठेवणे. रिकामी राहिलेली वाळू हीच मग नदी वा समुद्र होते. मांडणी दिवाणखान्यातील एका खास कोनाड्यात करतात, आणि तेथे दाटी करीत नाहीत. या साऱ्यासाठी जपानहून काही आणावे लागते, असा समज करून घेऊ नये. मराठवाड्यातील जुन्या माळवदाच्या घरात भिंतीतला कोनाडा होताच. भाकरीचे पीठ मळण्याची लाकडी काठवट होती. साग आणि शिसवी होते आणि त्यांना हात लावणारा सुतारही होता. साहित्य सगळे होते. दगडाकडे नुसते पाहण्यासाठी ते वापरावे, हा विचार मात्र नव्हता.

नव्हता असे तरी कसे म्हणावे? न घडविलेल्या दगडाची निवड आपणही करीत आलो आहोत, परंतु पूजेसाठी. गावशिवेवरचा म्हसोबा, शेताच्या बांधावरच्या साती आसरा, देवीचे तांदळे हे सारे टाकीचा घाव न लागलेले दगडच आहेत. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात माहूरगडावर रेणुकेचे पूजन होते ते तांदळ्याच्याच रूपात. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या ग्रंथात पुण्याच्या परिसरातील अशा ठाण्यांचा माग काढला. ही ठाणी प्राचीन वाटांच्या चौरस्त्यांशी निगडित असावीत, असे त्यांनी दाखविले. कोकणातील कित्येक घरांत खड्यांच्या गौरी आणतात. भाद्रपदात पाणवठ्यावरून पाच वा सात खडे वेचावयाचे, मुक्याने घरी आणावयाचे, आसनावर बसवावयाचे आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा पाण्याला द्यावयाचे. वेचणे, मौन आणि आसन ही सुइसेकीची तिन्ही अंगे येथे हजर आहेत. शिवाय चौथे एक अंग आहे, जे जपानी रसिकाजवळ नाही. ते म्हणजे परत करणे.

ही जाणीव एकट्या हिंदू परंपरेचीच आहे असेही नाही. जुन्या करारातील याकोब उशाला घेतलेला दगड सकाळी उभा करतो आणि त्याच्यावर तेल ओततो. निर्गमाच्या विसाव्या अध्यायात वेदी दगडाची करावयाची झाल्यास ती घडीव चिऱ्यांची नसावी, हत्यार लागताच दगड भ्रष्ट होतो, अशी आज्ञा आहे. यार्देनच्या कोरड्या पात्रातून उचललेले बारा दगड यहोशवा अशासाठी मांडून ठेवतो की पुढे मुलांनी या दगडांचा अर्थ काय असे विचारावे. टाकीने देवपण येते असे आपली म्हण सांगते, तर टाकीने पावित्र्य जाते असे निर्गमकार सांगतो. दोन प्राचीन अनुभव एकमेकांसमोर उभे आहेत आणि समीक्षकाला त्यांतून वाट काढावयाची आहे.

ती काढण्यापूर्वी दोन्ही परंपरांचे दोष निखळपणे सांगितले पाहिजेत. आपला दोष असा की आपण दगड निवडतो, त्याला आसन देतो आणि मग त्याच्याकडे पाहणे सोडून देतो. शेंदराचा थर चढत जातो आणि दगड दिसेनासा होतो. वणीच्या सप्तशृंगी देवीच्या मूर्तीवरील शेंदराचे जाड कवच २०२२ साली संवर्धनासाठी काढण्यात आले, तेव्हा आतील मूळ रूप पाहून भाविकही चकित झाले. तेथे तर कोरीव मूर्ती होती. न कोरलेल्या दगडाची गत काय होत असेल, याची कल्पना यावरून यावी. भक्तीचा थर खरा असतो, यात शंका नाही. तथापि जपानी रसिकही दगडावर काळाचा थर चढवितोच. तो दगड उघड्यावर ठेवून वर्षानुवर्षे त्याला पाणी घालतो आणि ऊन देतो, येथवर की त्याच्या अंगावर जुनेपणाची मंद झळाळी यावी. दोन्हीकडे थर काळाचाच. शेंदराचा थर दगड झाकतो, पाण्याचा थर तो उघड करतो, एवढा फरक आहे, आणि तो लहान नाही.

सुइसेकीचे दोष निराळे आहेत. पहिला दोष साम्याच्या हव्यासाचा. दगडात डोंगर दिसला पाहिजे, झोपडी दिसली पाहिजे, असा आग्रह धरला की दगड दगड म्हणून उरत नाही, तो दुसऱ्या कशाची तरी लहानशी प्रतिकृती होतो. ढगात हत्ती पाहणाऱ्या मुलाची ती मौज आहे. तिला कला म्हणावयाचे तर हत्ती विरल्यावरही ढग उरला पाहिजे. जो दगड एकदा 'डोंगरासारखा' म्हणून दाद घेतो आणि दुसऱ्या दिवशी काहीच सांगत नाही, तो निवडीत चुकलेला दगड होय. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. दगड तबकात नीट बसावा म्हणून त्याचा तळ करवतीने सपाट कापण्याची प्रथा जपानी परंपरेतच रूढ आहे आणि तिच्यावरून जाणकारांत वाद आहेत. न घडविलेल्या दगडाचा गौरव करावयाचा आणि त्याचा तळ लपवून कापावयाचा, ही कलेतील दांभिकता म्हटली पाहिजे. आपणही तिच्यापासून मुक्त नाही. नर्मदेच्या प्रवाहाने घडलेला बाण हे आपल्याकडील निसर्गनिर्मित पाषाणाचे सर्वश्रेष्ठ उदाहरण. त्याच नर्मदेकाठी बकावां गावात यंत्रावर शिवलिंगे घासून गुळगुळीत करण्याचा मोठा व्यवसाय आहे. त्यांना शिवलिंग म्हणण्यास हरकत नाही. नदीने घडविलेला बाण म्हणून ती विकणे मात्र निराळे.

तिसरा आक्षेप मराठवाड्याच्या भूमीतूनच येतो आणि तो सर्वांत अवघड आहे. दगडाकडे कौतुकाने पाहत बसणे हा पोट भरलेल्यांचा छंद नव्हे काय? १९७२–७३ च्या दुष्काळात याच मुलखातील हजारो स्त्रीपुरुषांनी दुष्काळी कामांवर बसून खडी फोडली. शेतात पीक नव्हते, म्हणून दगड हेच पीक झाले होते. वडार आणि पाथरवट यांनी पिढ्यानुपिढ्या दगड फोडले, जाती आणि पाटे घडविले, त्यांना टाकी लावत गावोगाव फिरले. ज्यांच्या तळहातांना दगडाने घट्टे पडले, त्यांना दगडाचे सौंदर्य शिकविण्यास जाणे औद्धत्याचे ठरेल.

हा आक्षेप नुसता झटकून टाकण्यासारखा नाही. पण त्याचे उत्तर त्याच्याच पोटात आहे. पाथरवटाला दगड दिसत नाही, असे कोण म्हणेल? कोणत्या बाजूने घाव घातला असता दगड सरळ फुटेल, कोणता बोदा आहे आणि कोणता खणखणीत वाजेल, हे त्याला हात लावताच कळते. दगडाची नस ओळखणारी सर्वांत तीक्ष्ण नजर आपल्या समाजात त्याचीच आहे. त्या नजरेला विसावा मात्र मिळाला नाही. पाहण्याचा अधिकार श्रीमंताचा आणि फोडण्याचे काम गरिबाचे, ही वाटणी दगडाने केलेली नाही, आपण केली आहे. सुइसेकीला किंमत चिकटली, संग्राहक आले, बाजार आला, हे खरे असले तरी मुळात ही कला फुकट आहे. नदी प्रवेशशुल्क घेत नाही.

आता औंढा नागनाथाकडे वळू. या देवळाचा तळाचा भाग यादवकालीन आहे आणि शिखर नंतरच्या काळातले. ज्याने ते पाहिले आहे, त्याला भिंतींवरील शिल्पांची दाटी ठाऊक असेल. हत्तींचे थर, देवदेवता, नर्तकी अशी बोटभर जागाही पाथरवटाने मोकळी सोडलेली नाही. टाकीचे घाव सोसल्याने देवपण येत असेल, तर ते येथे बाहेरच्या भिंतीला भरभरून यावयास हवे. पण भाविक या भिंतींपाशी थांबत नाही. तो सभामंडप ओलांडतो, अरुंद पायऱ्यांनी वाकून जमिनीखालच्या गाभाऱ्यात उतरतो आणि जेथे हात टेकतो ते लिंग स्वयंभू मानले जाते, म्हणजे कोणी न घडविलेले. एवढा मोठा कोरीव प्रासाद हे या एका पाषाणाचे आसन आहे. जपानी रसिकाची लाकडी बैठक आणि औंढ्याचे देऊळ यांत आकाराचा फरक आहे, तत्त्वाचा नाही. घाव आसनाने सोसावयाचे असतात, आसनावर बसणाऱ्याने नव्हे.

म्हणीतील आणि निर्गमातील विरोध येथे मिटतो, असे मला वाटते. टाकी व्यर्थ नाही, श्रमही व्यर्थ नाहीत. पाथरवटाचे सारे कौशल्य येथे पणाला लागले आहे. मात्र ते दगडाला दुरुस्त करण्यासाठी लागलेले नाही, दगडाला जागा करून देण्यासाठी लागले आहे. कलेतील श्रमाचा एवढा निरहंकारी उपयोग क्वचितच आढळतो. बाहेरची शिल्पे पाहून आपण कारागिराला दाद देतो आणि आत जाताच त्याला विसरतो. त्याने स्वतःच आपल्याला विसरावयास लावले आहे.

याच देवळाशी परंपरेने एक कथा जोडलेली आहे. गुरूच्या शोधात आलेल्या नामदेवांना विसोबा खेचर पिंडीवर पाय ठेवून निजलेले दिसले. नामदेव रागावले, तेव्हा विसोबा म्हणाले की जेथे देव नाही तेथे माझे पाय उचलून ठेव. नामदेव पाय उचलून जेथे ठेवू लागले, तेथे पिंडी दिसू लागली. ही कथा आपण भक्तीची म्हणून ऐकतो. पाषाणदर्शनाच्या दृष्टीने ऐकली तर ती निवडीच्या अहंकारावरची सर्वांत कठोर टीका आहे. मी हा दगड निवडला म्हणून तो थोर झाला, असे संग्राहक मानतो. विसोबा सांगतात की पात्रातला प्रत्येक दगड निवडण्याजोगा आहे, तुझी नजर एका वेळी एकावरच ठरते, ही तुझी मर्यादा. म्हणून खऱ्या रसिकाने एक दगड उचलताना उरलेल्यांचा अपमान करू नये. पूजेच्या ठाण्याला हात लावू नये. पोते भरून आणू नये. यंत्रांनी वाळू उपसून उजाड केलेल्या पात्रात पुढच्या पिढीला निवडीला काही उरणार नाही, हे ध्यानात ठेवावे. आणि कोकणातल्या गौरीचा धडा घेऊन, मन भरल्यावर दगड नदीला परत करण्याचे धैर्यही अंगी आणावे.

सुइसेकीविषयीचा माझा निर्णय तेव्हा असा आहे. ही कला आहे, कारण निवड आणि आसन या दोन्ही कृतींना विवेक, संयम आणि शिक्षित नजर लागते, आणि या तिन्हींखेरीज तिच्याजवळ लपावयास दुसरे काही नाही. शिल्पकाराची चूक कोरीवकामाच्या झगमगाटात झाकली जाते. पाषाण मांडणाऱ्याची चूक उघडी पडते. मात्र साम्याचा हव्यास, कापलेला तळ आणि मालकीचा गर्व यांपासून तिने स्वतःला सांभाळले पाहिजे, आणि त्यासाठी औंढ्याचा गाभारा व कोकणातला पाणवठा हे तिचे गुरू होऊ शकतात.

राहता राहिली ती म्हण. ती खोटी नाही, अर्धी आहे. आपण तिचा उच्चार नेहमी दुसऱ्याला उद्देशून करतो, विशेषतः मुलांना उद्देशून, आणि टाकी आपल्या हाती आहे असे गृहीत धरतो. घरात आलेले मूल अनघड दगड आहे, त्याला आपण आकार द्यावयाचा आहे, ही समजूत किती घरांतून किती मने दुखावून गेली असेल! कयाधूचा गोटा घडवून घेण्यासाठी आपल्याकडे येत नाही. ज्याला घडण्यास कोट्यवधी वर्षे लागली, त्याला आपल्याकडून केवळ बसावयास नीट जागा हवी असते. ती जागा तयार करणे सोपे काम नाही. त्याच्या तळाचा प्रत्येक चढउतार हाताने चाचपावा लागतो, लाकूड त्याप्रमाणे कोरावे लागते, न जुळल्यास पुन्हा कोरावे लागते. घाव चुकत नाहीतच. ते लाकडावर पडतात, एवढेच.